राजाबाईच्या सावलीत

आमचे आजोबा सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून बी. ए. झाले, ते १९४० साली. तेव्हा सांगलीलाही विद्यापीठ मुंबईचेच. पदवीदानासाठी ते मुंबईस गेले आणि परत आले ते पदवीपेक्षा राजाबाई टॉवरविषयीच अधिक बोलत! "वर पाहावे तर डोक्यावरची टोपी मागे पडते," असे सांगत. साताऱ्याच्या दुमजली वाड्यात वाढलेला माणूस तो. आणि हा मनोरा २८० फूट.

याचा पहिला दगड १ मार्च १८६९ रोजी बसला, आणि काम पुरे झाले नोव्हेंबर १८७८ मध्ये. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या तेजीत, १८६४ साली, शेठजींनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी युद्ध थांबले, बाजार कोसळला, शेठजींचे दिवाळे वाजले. मनोरा मात्र त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला. त्या माउलीला सूर्यास्तापूर्वी जेवता यावे म्हणून हे घड्याळ, अशी एक कथा सांगतात. गोड आहे, पण माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही.

शिकागोतली लोखंडी सांगाड्याची दहामजली इमारत १८८५ ची. आपला मनोरा तिच्या आधीचा, म्हणून सारा भार दगडावरच. खाली चौकोनी, वर अष्टकोनी. कुर्ल्याचा पिवळसर दगड. आणि पश्चिम भारतातल्या नाना जातीजमातींचे चोवीस पुतळे.

गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो. जिना लोकांसाठी केव्हाच बंद झालेला, म्हणून खालूनच व्याख्यान झोडले. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत, आणि मनोरा पुरा होण्यापूर्वीच, मार्च १८७८ मध्ये, वारले. एका मुलीने, तिचे वडील गवंडीकाम करतात, विचारले, "सर, साहेब आलेच नाहीत, तर मग हे पुतळे घडवले कोणी?"

वीस वर्षे शिकवतो आहे. हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. "घरी जाऊन पाहतो," एवढेच म्हणालो. साताऱ्यास आल्यावर पुस्तके उपसली. उत्तर तिथे सरळ छापलेले होते: रावबहादूर मुकुंद रामचंद्र, कामावरचे साहाय्यक अभियंते. पुतळे त्यांच्या हातचे.

सोमवारी वर्गात ते नाव फळ्यावर लिहिले. त्या मुलीने ते वहीत स्कॉटसाहेबाच्या वरच्या ओळीत लिहून घेतले.