छत्तीस तासांचं कोडं

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन्ही बीजांडकोशांत मिळून दहा ते वीस लाख स्त्रीबीजं आधीच तयार असतात. पुढे नवी पडत नाहीत, असलेली कमीच होत जातात. आता हे नीट ऐका, बाळांनो. ज्या बीजापासून तुम्ही झालात, ते तुमच्या आईच्या अंगात तयार झालं तेव्हा ती स्वतः तुमच्या आजीच्या पोटात होती. म्हणजे आजीनं नऊ महिने एकट्या लेकीला वाहिलं नाही, तुमची निम्मी सुरुवातही वाहिली. मला हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी आजीकडे बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

ते बीज वर्षानुवर्षं थांबून राहतं. मुलगी वयात आली की दर महिन्याला मेंदूखालच्या एका छोट्या ग्रंथीकडून इशारा येतो, काही बीजं पिकू लागतात आणि बहुधा त्यातलं एकच पूर्ण पिकून बाहेर पडतं. आकार मिलिमीटरचा दहावा भाग. बाहेर पडलं की बीजवाहिनी, म्हणजे दवाखान्यात सगळे जिला ट्यूब म्हणतात ती, त्याला आत ओढून घेते. तिथे ते जेमतेम एक दिवस जगतं. तेवढ्यात शुक्राणूनं तिथवर पोचायला हवं. निघतात कोट्यवधी, बीजाच्या आसपास पोचतात काहीशे, आत शिरतो एक. मग ते फळलेलं बीज ट्यूबमधून पुढे सरकत, वाटेतच दोनाच्या चार, चाराच्या आठ पेशी होत, सहा-सात दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुजतं.

आणि ती ट्यूबच बंद असेल तर? सगळी मिळून दहा-बारा सेंटिमीटर लांब, आतली वाट काही ठिकाणी मिलिमीटरभर. एखाद्या जंतुसंसर्गानं आत व्रण धरला की वाट बुजते. आपल्याकडे क्षयरोग हे काम गुपचूप करतो. ना खोकला, ना ताप, आणि लग्नानंतर काही वर्षांनी तपासणीत कळतं की दोन्ही ट्यूब बंद आहेत. माझ्या लहानपणी अशा बाईला काय काय ऐकावं लागायचं, ते माझ्या कानांनी ऐकलंय. डोहाळजेवणाला तिला बोलावत नसत, ओटी भरायला पुढे येऊ देत नसत. बीज चांगलं, पिशवी चांगली, मधली चार-पाच बोटांची वाट तेवढी बुजलेली. पण दोष अख्ख्या बाईला.

ही वाट टाळून पलीकडे कसं जायचं, याचा ध्यास रॉबर्ट एडवर्ड्स या इंग्रज शास्त्रज्ञानं घेतला. बीज आणि शुक्राणू यांची भेट शरीराबाहेर घडवायची आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडायचा. सांगायला सोपं. मिन च्युए चांग या संशोधकांनी १९५९ मध्ये सशांत ते करूनही दाखवलं होतं. पण माणसाचं बीज शरीराबाहेर पिकतच नव्हतं. जुन्या संशोधकांनी लिहून ठेवलं होतं की बारा तासांत पिकतं. उंदराचं, सशाचं त्या सुमारास पिकतंही. एडवर्ड्स लंडनमधल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडून शस्त्रक्रियेत काढलेले बीजांडकोशाचे तुकडे मागून आणत, त्यातून मोजकी बीजं मिळवत, बारा तास थांबत आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत. काही नाही. पुन्हा आणत, पुन्हा बघत. काही नाही. वर्षं गेली. शेवटी त्यांनी ठरवलं, पुस्तकातला आकडा बाजूला ठेवू आणि बीजालाच विचारू. अठरा तास थांबले, बदल नाही. चोवीस तास थांबले, तरीही नाही. पंचवीस तास उलटल्यावर आतल्या गुणसूत्रांची हालचाल दिसू लागली आणि छत्तीस-सदतीस तासांच्या सुमाराला बीज पिकलं! १९६५ मध्ये त्यांनी हे जगाला सांगितलं. आजही, बीज पिकवणारं शेवटचं इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर साधारण चौतीस ते छत्तीस तासांनी बीज काढतात. रात्री ठरल्या वेळी, घड्याळाकडे बघून ते इंजेक्शन घेणारी प्रत्येक बाई एडवर्ड्सच्या त्या थांबण्याचं फळ घेते.

पुढची अडचण शुक्राणूंची. त्यांनाही बीजात शिरण्याआधी काही तास स्त्रीच्या शरीरातल्या द्रवांत तयार व्हावं लागतं. बॅरी बॅव्हिस्टर या तरुण विद्यार्थ्यानं हॅमस्टरसाठी एक द्रव बनवला होता, तो इथे उपयोगी पडला. १९६९ मध्ये माणसाचं बीज काचेत फळल्याची बातमी छापून आली. पोट न चिरता बीज काढायची कला ओल्डहॅम या गिरणगावातल्या पॅट्रिक स्टेप्टो या डॉक्टरांकडे होती. ते बेंबीपाशी बारीक छिद्र पाडून दुर्बीण घालत. आणि तिसरी, जीन पर्डी. शिकली होती नर्सचं काम, सांभाळली तिनं अख्खी प्रयोगशाळा. केंब्रिजहून ओल्डहॅमला तासन्‌तास गाडीनं ये-जा करत एडवर्ड्स आणि तिनं हे काम रेटलं. सरकारी संशोधन मंडळानं १९७१ मध्ये पैसे नाकारले. वर्तमानपत्रांनी, धर्मगुरूंनी, मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी नावं ठेवली.

मला मात्र सगळ्यात जास्त आठवतात त्या बायका, ज्यांची नावं कुठे छापली गेली नाहीत. १९६९ ते १९७८ या काळात २८२ जणींनी स्वतःला या डॉक्टरांच्या हवाली केलं. त्यांतल्या दोघींच्याच हाती बाळ आलं. आपल्याला यश येणार नाही हे बऱ्याच जणींना कळत असणार, तरी त्या पुढच्यांसाठी आल्या. या गोष्टीतलं खरं धैर्य त्यांचं.

इतकं अपयश का येत होतं? त्यात एक कारण औषधंच होती. जास्त बीजं मिळावीत आणि गर्भ टिकावा म्हणून दिलेली संप्रेरकं उलटी पडत होती. मग त्यांनी औषधं सोडली आणि त्या महिन्यात आपोआप पिकणाऱ्या एकुलत्या एका बीजाची वाट बघायची ठरवली. लेस्ली ब्राऊन यांच्या दोन्ही ट्यूब बंद होत्या. नोव्हेंबर १९७७ मध्ये त्यांचं एक बीज मिळालं, ते फळलं, त्याच्या आठ पेशी झाल्या आणि तो गर्भ पिशवीत सोडला. २५ जुलै १९७८ च्या रात्री त्यांची लेक लुईस जन्मली, वजन २.६ किलो. एडवर्ड्सना नोबेल मिळायला २०१० साल उजाडलं. स्टेप्टो तेव्हा हयात नव्हते आणि जीन पर्डी तर १९८५ मध्येच, एकोणचाळिसाव्या वर्षी गेली होती.

लुईसनंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात अशीच दुर्गा जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी थोडक्या साधनांत हे केलं होतं, आणि तेही आज जगभर चालतं त्या पद्धतीनं: संप्रेरकं देऊन अनेक बीजं पिकवली, गर्भ गोठवून ठेवला आणि पुढच्या एका पाळीत पिशवीत सोडला. सरकारनं चौकशी समिती नेमली. समितीनं विश्वास ठेवला नाही. परदेशी परिषदेला जाऊ दिलं नाही, बदली केली ती डोळ्यांच्या संस्थेत. जून १९८१ मध्ये या माणसानं स्वतःचा जीव संपवला. त्यांना जगाचा सन्मान नाही मिळाला तरी चाललं असतं. आपल्याच लोकांनी त्यांचे कागद तरी धड वाचायला हवे होते.

ते कागद वाचले टी. सी. आनंद कुमार यांनी. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली, ती डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेतले आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं नाव झालं. अकरा वर्षांनी, १९९७ मध्ये, मुखोपाध्यायांच्या टिपणवह्या आनंद कुमारांच्या हाती आल्या. त्यांनी त्या तपासल्या आणि उघडपणे सांगितलं की पहिला मान माझा नाही, मुखोपाध्यायांचा. मोठा माणूस!

आता हे काम कसं चालतं? पाळीच्या सुरुवातीपासून दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, म्हणजे एकाऐवजी अनेक बीजं पिकतात. सोनोग्राफीनं त्यांची वाढ मोजतात. वेळ झाली की थोडी भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, योनीमार्गातून बारीक सुईनं बीजं काढतात. एका बशीत एकेका बीजाभोवती हजारो शुक्राणू सोडतात. शुक्राणू फारच कमी किंवा मंद असतील तर एकच निवडून सुईनं बीजात सोडतात. ही युक्ती १९९२ मध्ये ब्रुसेल्समधून आली. दुसऱ्या दिवशी बीजात दोन गोल केंद्रकं दिसतात, एक आईकडचं, एक बाबांकडचं. मग बशी ३७ अंशांच्या पेटीत जाते. आजी विरजण लावलेलं भांडं सारखं उघडू देत नाही ना, तशीच ती पेटीही विनाकारण उघडायची नाही. पाचव्या दिवशी गर्भात शंभरेक पेशी होतात. त्यातला बहुधा एकच मऊ नळीनं गर्भाशयात सोडतात, कारण जुळी-तिळी आईलाही जड जातात आणि बाळांनाही. उरलेले गर्भ उणे १९६ अंशांवर द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येतात. मग दोन आठवडे वाट बघायची आणि रक्त तपासायचं.

तुमच्यातल्या धाकटीनं विचारलंय की हे कुणासाठी. ट्यूब बंद असलेल्यांसाठी तर आहेच. बीजांडकोशाभोवती एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर भलत्या जागी, पसरलेल्यांसाठी आहे. साऱ्या तपासण्या चांगल्या येऊनही ज्यांना मूल होत नाही, त्यांच्यासाठी आहे. पुरुषांसाठी तर फारच आहे. मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं. म्हणून पहिली तपासणी दोघांची व्हायला हवी, एकट्या सुनेची नव्हे. कॅन्सरच्या औषधांआधी बीजं किंवा शुक्राणू गोठवून ठेवता येतात. आणि घरात थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर गर्भाच्या काही पेशी तपासून, तो आजार नसलेला गर्भ निवडता येतो.

पण वयापुढे हे शास्त्रही थकतं. पस्तिशीनंतर बीजांची प्रत उतरू लागते, चाळिशीनंतर झपाट्यानं. मग कधी दुसरीनं दिलेलं बीज घ्यावं लागतं. कितीतरी जोडप्यांना दोन-तीन प्रयत्नांनंतरही रिकाम्या हातानं परतावं लागतं, दागिने मोडलेले, कर्ज काढलेलं. हमखास यशाची पाटी लावणाऱ्यापासून लांब राहा, असं मी कुणालाही सांगेन. २०२१ पासून आपल्याकडे यासाठी कायदा आहे. उपचार केंद्राची नोंदणी आहे का, हे आधी विचारावं. आणि वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, पस्तिशी ओलांडली असेल तर सहाच महिन्यांत, डॉक्टरांना भेटावं. नवस करायचा तो करा, पण तो फेडायची वाट बघत वर्षं घालवू नका.

आणि ही बाळं इतरांहून वेगळी असतात का? लुईसची धाकटी बहीण नॅटली हिचा जन्मही असाच झाला. १९९९ मध्ये तिला स्वतःला बाळ झालं, कुठल्याही बशीविना, कुठल्याही डॉक्टरी युक्तीविना. पुढे लुईसलाही दोन मुलगे झाले, तेही तसेच.