मालिका, मीटर आणि कवठ्याचा प्रेक्षक

दूरचित्रवाणीवरील मालिका पाहणाऱ्या माणसाविषयी, त्यातही पाहणाऱ्या बाईविषयी, सुशिक्षित मंडळींत एक समज फार दिवसांपासून रूढ आहे, आणि तो असा की समोर जे दाखवले जाईल ते ती मुकाट्याने मान्य करते, खलनायिकेच्या कारस्थानाने तिची झोप उडते आणि नायिकेबरोबर तिचेही डोळे पाणावतात. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण कवठे महांकाळ तालुक्यात ज्याने संध्याकाळी सात ते दहा या वेळात चार घरी बसून मालिका पाहिल्या असतील, त्याला हा समज टिकवून धरणे कठीण जाईल. कारण तिथे मालिका पाहणे म्हणजे बहुतांशी तिची झडती घेणेच असते.

मुळात या प्रेक्षकाची दखल घेण्याची तसदी मराठी वाहिन्यांनी फार उशिरा घेतली. 15 ऑगस्ट 1999 रोजी सुरू झालेल्या ‘अल्फा मराठी’वर ‘आभाळमाया’ गाजली, ‘ई टीव्ही मराठी’वरील ‘चार दिवस सासूचे’ 2001 पासून अकरा वर्षे चालून तीन हजारांवर भागांना पोहोचली; परंतु या कथांतील संसार शहरातला, दिवाणखान्यातला, फार तर बंगल्यातला. याचे कारण केवळ लेखकांच्या अनुभवाच्या मर्यादेत शोधू नये. कोणता कार्यक्रम किती लोक पाहतात याचा जो हिशेब जाहिरातदारांपुढे रुजू होई, त्यात खेड्यांची गणतीच नव्हती. ‘बार्क’ या संस्थेने ऑक्टोबर 2015 पासून ग्रामीण घरांचेही आकडे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि पुढच्याच ऑक्टोबरात कोल्हापूरकडचा पैलवान राणा व त्याची पाठकबाई ‘तुझ्यात जीव रंगला’मधून घराघरांत दाखल झाली, 2017 च्या मे महिन्यात ‘लागिरं झालं जी’ने साताऱ्याकडचा फौजी आणला. हा निव्वळ योगायोग होता असे मानायला मी तरी तयार नाही. खेड्याविषयीचे प्रेम अकस्मात उचंबळून आले नव्हते. खेड्याचा जमाखर्च प्रथमच दप्तरात नोंदला गेला होता.

या मोजणीची रीत सामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात माणसाच्या कानाला न जाणवणारी एक सांकेतिक खूण मिसळलेली असते. निवडक घरांत बसवलेले मीटर ती खूण टिपते, आणि घरातील कोण समोर बसले आहे हे त्या त्या व्यक्तीने आपल्या नावाची कळ दाबून कळवायचे असते. ही घरे कोणती, हे गुप्त राखले जाते. काही वर्षांपूर्वीच्या हिशेबाप्रमाणे देशात दूरचित्रवाणी संच असलेली घरे सुमारे 21 कोटी आणि मीटर सुमारे 55,000, म्हणजे एका घराने साधारण 3,800 घरांच्या वतीने साक्ष द्यायची. दर गुरुवारी या साक्षीचे आकडे बाहेर पडतात आणि त्यांवर मालिकांचे आयुष्य ठरते. यंत्राला वाहिनीची खूण अचूक ऐकू येते. संचासमोर बसलेली माणसे त्याच क्षणी काय बोलत आहेत, ते मात्र त्याला ऐकू येत नाही.

आणि बोलणे तर अखंड चाललेले असते. ‘एवढं सोनं अंगावर घालून भाकरी कोण थापतंय?’ हा शेरा मी इतक्या घरांत ऐकला आहे की तो आता ठराव मंजूर झाल्यासारखा धरावा. पैलवान राणाच्या भाषेवरही आक्षेप निघे. पडद्यावरचे प्रत्येक ग्रामीण पात्र एकाच ठशाची कोल्हापुरी बोलते, आणि जतकडून येणारा कानडी हेल, जो कवठ्याच्या बाजारात कोणाच्याही तोंडी ऐकावा, तो कुठेच नाही, अशी ही तक्रार होती. ‘आई कुठे काय करते’ ही बंगाली ‘श्रीमोई’वरून घेतलेली मालिका 2019 च्या डिसेंबरापासून जवळजवळ पाच वर्षे चालली, त्यातील अरुंधतीने घटस्फोटानंतर, मुले मोठी झालेली असताना, दुसरे लग्न केले तेव्हा तरण्या सुनांनी नाके मुरडली आणि म्हाताऱ्या सासवांनीच तिची बाजू घेतली, असे मी पाहिले आहे.

फेब्रुवारीपासून बेदाण्याचा हंगाम सुरू झाला की शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या बायका पुढ्यात ढीग घेऊन ओळीने बसतात, कोणाचा तरी मोबाइल खोक्याला टेकवून ठेवलेला असतो आणि त्यावर रात्रीचा भाग दुपारी लावलेला असतो. डोळे काडी-कचरा वेचण्यात, कान मालिकेकडे. पात्रांनी आपल्या मनातले सगळे मोठ्याने का बोलावे आणि एकच गोष्ट तीनदा का सांगावी, या रसिकांच्या नित्याच्या कुरकुरीचे उत्तर मला तिथे सापडले: मालिका पाहिल्या जातात त्याहून अधिक त्या ऐकल्या जातात, आणि काम करता करता ऐकणाऱ्याला पुनरुक्ती ही सोयच असते.

वाई तालुक्यात 2016 साली उघडकीस आलेल्या हत्याकांडावर बेतलेल्या ‘देवमाणूस’ने 2020 मध्ये या प्रेक्षकाला खरोखर खिळवून ठेवले. त्यात रक्तपात होता म्हणून नव्हे. गावात नव्याने आलेल्या डॉक्टरवर लोक किती सहज विश्वास टाकतात हे त्यात बिनचूक उतरले होते, आणि सगळ्यांना परिचित असलेल्या त्या भोळेपणाची लाज पाहणाऱ्याला वाटत होती. पुढे त्याच पात्राची आणखी पर्वे निघाली, 2025 मध्ये तिसरेही आले. एकदा चाललेले नाणे झिजेपर्यंत वापरण्याचा वाहिन्यांचा दस्तूर आहे.

वास्तविक या मुलखात कथांना तोटा नाही. म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्याचे आवर्तन सुटण्याची वाट पाहणारी द्राक्षबाग आहे, पहाटे औषध फवारायला निघालेले नवरा-बायको आहेत, अवकाळी पावसाने एका रात्रीत बदललेली सोयरीक आहे; आणि द्राक्षे गाडीत भरून, थोडा विसार हातावर ठेवून, उरलेल्या पैशांसाठी फोन बंद करून परागंदा होणारा व्यापारी आहे, ज्याच्याइतका अस्सल खलनायक कोणत्याही लेखकाला आयता मिळणार नाही. मालिकेत मात्र अजून जाऊच जावेच्या दुधात काहीतरी कालवते आहे, आणि कवठ्यातली बाई कुकरची शिट्टी मोजत म्हणते आहे, ‘पी बाई एकदाचं, म्हणजे उद्याचा भाग सुरू होईल.’