सजीव पेशी आणि रासायनिक संस्कार केलेला पृष्ठभाग यांतील विद्युत-संवाद

सजीव पेशी आणि इलेक्ट्रॉनिक उपकरण या दोहोंत विद्युतधारा वाहते. मात्र तिचे वाहक भिन्न आहेत. चेतापेशीत सोडियम, पोटॅशियम यांचे आयन हलतात, तर तारेत इलेक्ट्रॉन. त्यामुळे दोहोंना नुसते शेजारी ठेवल्याने संवाद घडत नाही. तो घडवून आणण्यात पृष्ठभागाच्या रसायनाचा वाटा कोणता, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पाण्यात सिलिकॉनवरील ऑक्साइडचा थर ऋणप्रभारित असतो. पेशीपटलाची बाह्य बाजूही ऋणप्रभारितच असते. म्हणून पेशी तेथे सहजी चिकटत नाही. यावर उपाय म्हणून पृष्ठभागावर पॉलिलायसिनचा पातळ थर देतात. ही अमिनो आम्लाची धनप्रभारित साखळी असून ती पेशीला धरून ठेवते.

तरीही पेशी व पृष्ठभाग यांत साधारण ५० ते १०० नॅनोमीटरची फट उरते आणि तीत क्षारयुक्त द्रव असतो. आवेग निर्माण होताच पेशीतील विभव सुमारे १०० मिलिव्होल्टने बदलतो व पटलातून आलेली धारा या फटीतून बाहेर वाहते. येथे ओहमचा नियम लागू पडतो. फट जितकी अरुंद, तितका तिचा रोध अधिक आणि तितकेच खालच्या ट्रान्झिस्टरला जाणवणारे विभवांतरही अधिक. फट रुंद असल्यास संकेत वाटेतच विरतो.

जर्मनीत पीटर फ्रॉमहर्ट्झ व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये जळवेच्या चेतापेशीचे आवेग ट्रान्झिस्टरवर नोंदविले. १९९५ मध्ये त्यांनी उलट दिशेने, सिलिकॉनकडून पेशीला उद्दीपित करून दाखविले. या वेळी इलेक्ट्रॉन ऑक्साइड ओलांडत नाहीत. धारित्राप्रमाणे दोन्ही बाजूंस प्रभार साचतो. त्यामुळे पेशीला घातक असे विद्युत-अपघटन टळते.

या संशोधनाचा संबंध रुग्णांशी आहे. श्रवणदोषावरील कॉक्लिअर इम्प्लांट हे त्याचे परिचित उदाहरण होय. शरीरात बसविलेल्या इलेक्ट्रोडभोवती कालांतराने तंतुमय ऊती वाढते, पेशी दूर पडते आणि विद्युतरोध वाढतो. पेडॉटसारखे वाहक बहुवारिक आयन व इलेक्ट्रॉन दोन्ही वाहून नेते. त्याच्या लेपाने इलेक्ट्रोडचा रोध घटतो. मात्र असा लेप शरीरात वर्षानुवर्षे टिकविणे अवघड आहे.

प्रभार, रोध आणि पेशीपटल हे विषय महाविद्यालयात तीन वेगवेगळ्या तासांना शिकविले जातात. हे एकच उदाहरण घेऊन रसायन, भौतिक व जीवशास्त्राच्या अध्यापकांना ते एकत्र समजावून देता येतील.