सल्लागार आणि शेताचा बांध

सोमालिया हे नाव मराठी घरात फारसे चांगल्या निमित्ताने आलेले नाही. १९९२ साली ते दुष्काळामुळे आले. १९९३ साली भारतीय सेनेची एक ब्रिगेड शांतिसेनेत सामील होऊन तिकडच्या बैदोआ भागात गेली, तेव्हा आले. आणि २०११ साली आपल्या नौदलाने पकडलेले सोमाली चाचे मुंबईत आणले गेले, तेव्हा पुन्हा आले. दर वेळी बातमीच्या शेवटाकडे एखादे 'सोमाली घडामोडींचे जाणकार' हमखास असत. नाव गोऱ्या माणसाचे, मुक्काम लंडन, नैरोबी किंवा वॉशिंग्टन. परदेशी बातम्यांची भाषांतरे करण्याच्या नोकरीत मला हे जाणकार वरचेवर भेटत. दोन वाक्ये बोलायची आणि जायचे, एवढेच त्यांचे काम. पण माणूस दुसऱ्याच्या देशाचा जाणकार होतो तरी कसा? आणि झाला तर त्याचे कुणी ऐकते का? हे कुतूहल तेव्हापासून माझ्या मनात घर करून होते. त्यापोटी वाचत गेलो, तेव्हा जॉन ड्रायस्डेल या इंग्रज गृहस्थांची हकीकत हाती लागली.

ड्रायस्डेल यांचा जन्म १९२५ सालचा. त्यांना सोमाली माणूस पहिल्यांदा भेटला तो सोमालियात नव्हे, तर ब्रह्मदेशात! दुसऱ्या महायुद्धात जपान्यांशी लढायला इंग्रजांनी आफ्रिकेतल्या पलटणीही आणल्या होत्या, आणि त्यांत सोमाली शिपाई होते. विशीही न ओलांडलेला हा तरुण त्यांच्या संगतीत राहिला. तिथे जडलेला लळा पुढे सत्तर वर्षे टिकला. सोमाली भाषा ते अस्खलित बोलू लागले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या काळी सोमाली भाषेला सरकारमान्य लिपीच नव्हती. लॅटिन लिपी अधिकृत ठरली ती १९७२ साली. त्याआधी कायदा, इतिहास, वंशावळ, कविता असे सगळे काही माणसांच्या मुखात होते. त्यामुळे ज्याला हा समाज समजून घ्यायचा, त्याला ग्रंथालयात बसून भागत नसे. उंटांच्या कळपामागून फिरणाऱ्या, काफिल्यांत आणि चहाच्या अड्ड्यांवर बोलणाऱ्या माणसांजवळ बसून ऐकावे लागे.

आपल्याकडे खेड्यात अनोळखी पोर दिसले की म्हातारी माणसे विचारतात, "कुणाचा रे तू?" सोमाली समाजाची सारी बांधणी या एका प्रश्नावर उभी आहे. बापाचे नाव, आजोबांचे, पणजोबांचे असे करत मुलगा पिढ्यान् पिढ्यांची नावे घडाघडा म्हणतो, आणि दोन अनोळखी माणसांचे पूर्वज जिथे एक होतात तिथे त्यांचे नाते ठरते. इंग्रजी पुस्तके याला टोळी म्हणतात. मला मात्र आपला 'भावकी' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. या भावक्यांनी आपापसांत केलेल्या करारांना सोमालीत 'हेर' म्हणतात. मराठी कानाला शब्द गुप्तहेरासारखा लागतो, पण त्याचा अर्थ रूढीने आलेला कायदा. एखाद्याच्या हातून खून झाला तर भरपाई त्याच्या साऱ्या गोतावळ्याने मिळून भरायची. परंपरेने पुरुषाच्या जिवाचे मोल शंभर उंट. ज्या माळरानावर ना कचेरी, ना पोलीस, तिथे सूडाचे चक्र थांबवण्याचा हाच मार्ग होता. आयोन लुईस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९५५ ते ५७ अशी वर्षे या लोकांत काढून १९६१ साली एक ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिले 'पशुपालकांची लोकशाही'. लुईस यांनी ही व्यवस्था शास्त्रात बसवली. ड्रायस्डेल राजकारणात उतरले.

१९६० साली उत्तरेचा ब्रिटिश आणि दक्षिणेचा इटालियन असे दोन मुलूख एकत्र येऊन सोमालियाचे प्रजासत्ताक झाले. नव्या झेंड्यावर निळ्या रंगात पांढरा पंचकोनी तारा होता. त्याची पाच टोके म्हणजे सोमाली लोकांचे पाच प्रदेश. पैकी दोनच हाती आले होते. उरलेले तीन इथिओपिया, केनिया आणि तेव्हाची फ्रेंच वसाहत जिबूती यांच्याकडे. साहेबाने नकाशावर रेघ ओढायची आणि मागच्यांनी ती निस्तरत बसायची, हा अनुभव आपल्याला काही नवा नाही. ड्रायस्डेल यांनी याच तंट्यावर १९६४ साली पुस्तक लिहिले. त्या दशकात सोमालियाच्या लागोपाठ तीन पंतप्रधानांचे ते सल्लागार होते. तिसऱ्याचे नाव मोहम्मद हाजी इब्राहिम इगाल. ते पुढे पुन्हा येणार आहे.

ऑक्टोबर १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली आणि आठवड्याच्या आत सेनापती सियाद बारे यांनी सत्ता बळकावली. 'भावकी संपली, आता समाजवाद' अशी घोषणा झाली. लोकांनी एकमेकांना भावकी विचारायलाही बंदी आली. कारभार मात्र सेनापतींच्या स्वतःच्या नातलगांच्या हाती एकवटत गेला. ड्रायस्डेल यांच्या आयुष्याची वाटही पूर्वेकडे वळली. सिंगापूरच्या उभारणीवर त्यांनी १९८४ साली एक ग्रंथ लिहिला. एका देशाचे पडणे जवळून माहीत असलेल्या माणसाने दुसऱ्याचे उभे राहणे लिहून काढावे, हा योग मला विलक्षण वाटतो.

१९८८ साली सियाद बारे यांच्या विमानांनी आपल्याच देशातल्या हर्गेसा शहरावर बॉम्ब टाकले. जानेवारी १९९१ मध्ये बारे पळाले आणि राजधानी मोगादिशूत बंदुकवाल्यांचे राज्य सुरू झाले. दुष्काळ पडला, माणसे लाखांनी मेली. संयुक्त राष्ट्रांनी एप्रिल १९९२ मध्ये मोहम्मद साहनून या अल्जीरियाच्या मुत्सद्द्यांना प्रतिनिधी नेमले. साहनून भावक्यांच्या वडीलधाऱ्यांना भेटत, तासन् तास बोलत. वरिष्ठांना ही चाल संथ वाटली. आपल्याच संस्थेच्या दिरंगाईवर टीका केल्यामुळे साहनून यांना सहा महिन्यांत पद सोडावे लागले. डिसेंबरात अमेरिकी फौजा मोगादिशूच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा त्यांची वाट पाहत टीव्हीचे कॅमेरे आधीच दिवे लावून उभे होते.

याच मोहिमेत ड्रायस्डेल सल्लागार होते. वय साठीच्या पलीकडे, सोमाली भाषा जिभेवर, अर्ध्या पुढाऱ्यांच्या वडिलांशी जुनी ओळख. सल्ला घ्यायचाच तर यापरता माणूस कुठे मिळणार? पण ५ जून १९९३ रोजी चोवीस पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले आणि मोहिमेचा नूरच पालटला. मोहम्मद फराह ऐदीद या एका सेनानीला पकडणे हेच ध्येय होऊन बसले. त्यांच्या डोक्यावर पंचवीस हजार डॉलरचे इनाम लागले. १२ जुलैला ऐदीद यांच्या भावकीतली वडीलधारी मंडळी ज्या घरात बैठकीला जमली होती, त्यावर अमेरिकी हेलिकॉप्टरांनी क्षेपणास्त्रे डागली. ज्यांच्याशी बोलता आले असते तीच माणसे गेली. खवळलेल्या जमावाने त्याच दिवशी चार परदेशी पत्रकारांना ठार केले. ३ ऑक्टोबरच्या चकमकीत अठरा अमेरिकी सैनिक आणि शेकडो सोमाली मेले. मार्च १९९५ पर्यंत संयुक्त राष्ट्रांनी गाशा गुंडाळला. ऐदीद शेवटपर्यंत त्यांच्या हाती लागले नाहीत.

ड्रायस्डेल यांनी १९९४ साली या सगळ्याची हकीकत छापली. पुस्तकाच्या नावात प्रश्न आहे, 'सोमालियाचे झाले तरी काय?', आणि उपशीर्षकात उत्तर आहे, 'शोकान्त घोडचुकांची कहाणी'. एका माणसाला शत्रू ठरवले की त्याच्यामागे अख्खी भावकी उभी राहते, हे सोमाली शेळक्या पोरालाही ठाऊक असते. न्यूयॉर्कच्या काचेच्या इमारतीत ते ठाऊक नव्हते असेही नाही. सांगणारी माणसे पगारावर होती. पण सत्तेला सल्लागार हवा असतो तो बहुतेकदा निर्णय झाल्यावर, त्याला शहाणपणाची झालर लावायला.

बहुतेक जाणकारांची कारकीर्द अशा पुस्तकापाशी थांबते. पुढे व्याख्याने, परिसंवाद, 'मी तेव्हाच सांगितले होते' हे पालुपद. ड्रायस्डेल सत्तरीच्या उंबरठ्यावर वेगळ्या दिशेने निघाले. ते उत्तरेला गेले.

उत्तरेच्या जुन्या ब्रिटिश मुलखाने मे १९९१ मध्ये सोमालीलँड या नावाने वेगळे होत असल्याचे जाहीर केले होते. पुढची तीन दशके संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने त्याला मान्यता दिली नाही. मान्यता नाही म्हणून मोठी फौज नाही, मोठी मदत नाही, आणि मोठे सल्लागारही नाहीत. १९९३ साली बोरामा गावात भावक्यांचे वडीलधारे जमले आणि काही महिने बोलत बसले. कुणाच्या गोटात किती बंदुका यापेक्षा कुणाचे कुणाला किती देणे लागते, यावर चर्चा झाली. अखेरीस दीडशे प्रतिनिधींनी अध्यक्ष निवडला. तो कोण? तर ड्रायस्डेल यांचे जुने यजमान इगाल! वडीलधाऱ्यांच्या सभेला, 'गुर्ती'ला, संसदेचे वरचे सभागृह म्हणून कायमची जागा मिळाली. मोगादिशूत अब्जावधी डॉलर ओतून जे जमले नाही, ते इथे झाडाच्या सावलीत जमले. अर्थात हे नंदनवन नव्हे. १९९४ नंतर तिथेही भावक्या लढल्या, आणि २०२३ साली पूर्वेकडच्या लासअनोद भागात पुन्हा रक्त सांडले. पण मोडलेले घर स्वतःच्या हाताने उभारण्याची धडपड तिथे होती.

हर्गेसाच्या पश्चिमेला गबिले नावाचा तालुकावजा भाग आहे. भटक्या पशुपालकांच्या या देशात पावसावर शेती होते ती प्रामुख्याने इथे, आणि पीक कोणते, तर आपलीच ज्वारी. युद्धात माणसे परागंदा झाली, परतली तेव्हा शेतांच्या हद्दी पुसलेल्या. इंग्रजी पुस्तकात हे वाचले तेव्हा मला पुढचे वाचायची गरज नव्हती. वीतभर बांधासाठी सख्ख्या भावांनी कोर्टात हयात घालवलेली उदाहरणे आपल्या गावोगाव आहेत. फरक इतकाच, की तिथे दोन्ही भावांच्या घरात युद्धातली बंदूक होती.

तीन पंतप्रधानांच्या या सल्लागाराने म्हातारपणी हाती घेतले ते या शेतांच्या मोजणीचे काम. शेजारी आणि वडीलधारे यांच्यासमक्ष हद्द कबूल करून घ्यायची, मग मोजायची, मग नकाशा कागदावर उतरवून मालकाला द्यायचा. आपण ज्याला मोजणी आणि सातबारा म्हणतो, त्याचाच हा आरंभ. यात क्रम महत्त्वाचा. आधी माणसे कबूल होतात, मग यंत्र मोजते. मोगादिशूत नेमके उलटे झाले होते.

ड्रायस्डेल यांनी पुढे इस्लाम स्वीकारला, अब्बास इद्रिस हे नाव घेतले आणि ते सोमालीलँडचे नागरिक झाले. २०१६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांचे गुणगान करताना दुसरी बाजू झाकू नये. पुण्यात शिकायला आलेल्या एका सोमाली विद्यार्थ्याशी माझे या विषयावर बोलणे झाले होते. तो म्हणाला, "सर, माझ्या देशावरचं पुस्तक शोधलं की लेखक परदेशी निघतो. आमचे आजोबा त्यात माहिती देणारे असतात, लिहिणारे नसतात." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, म्हणून ते अधिक लागले. लुईस यांच्यावरही पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी हाच ठपका ठेवला, की सगळे भावकीच्या चष्म्यातून पाहिल्याने गुलामांचे वंशज, नदीकाठचे शेतकरी, शहरी माणसे आणि बायका यांचा सोमालिया दिसेनासा झाला. २०१५ साली सोमालीलँडच्या नावाने निघालेल्या एका संशोधन नियतकालिकाच्या संपादक मंडळावर एकही सोमाली नाही, हे लक्षात आल्यावर तरुण सोमाली अभ्यासकांनी जगभर आवाज उठवला. आपल्याविषयी इंग्रजांनी लिहिलेली गॅझेटिअरे आपण अजून उपयोगाची म्हणून उघडतो आणि त्यातल्या काही वाक्यांनी अजून चिडतो. त्या मुलाचे म्हणणे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

तेव्हा परदेशी जाणकाराला जोखायचे कसे? त्याची भाकिते किती खरी ठरली यावरून जोखावे, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, की तो कुणाला उत्तरदायी होता हे पाहावे. मोगादिशूत ड्रायस्डेल यांचा सल्ला चुकला की बरोबर ठरला, याचा हिशेब न्यूयॉर्कला जायचा. गबिलेत बांध चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरी दारात उभा राहणार. मोठमोठ्या मोहिमांचे अहवाल आज कपाटांत आहेत. ज्वारीच्या एका शेताचा साधा नकाशा मात्र कुणाच्या तरी घरात जपून ठेवलेला असेल, आणि पेरणीच्या वेळी शेजाऱ्याशी शब्दाला शब्द लागला की तोच बाहेर काढला जात असेल.