नवे टायर आणि थरथरणारे स्टिअरिंग

मालवाहतुकीच्या व्यवसायात डिझेलच्या खालोखाल मोठा खर्च असतो तो टायरांचा. एका ट्रकचे सर्व टायर बदलणे म्हणजे कित्येकदा कर्जाच्या मासिक हप्त्याहूनही मोठी रक्कम एकाच दिवशी मोजणे होय. असा खर्च करून रस्त्यावर आलेला ट्रक वेग घेताच स्टिअरिंग थरथरू लागते, तेव्हा मालक आणि चालक दोघेही हवालदिल होतात. दोष टायरचा, रिमचा, बसवणाऱ्याचा की ट्रकचाच, याचा उलगडा न झाल्यास पैसा चुकीच्या दुरुस्तीवर खर्ची पडतो.

नाशिकची द्राक्षे वा लासलगावचा कांदा घेऊन दिल्लीच्या आझादपूर मंडीत आलेले कित्येक ट्रक परतीचा माल भरण्यापूर्वी जवळच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात विसावतात. टायरांची दुकाने आणि गॅरेजे तेथे हाताशीच असतात. मात्र शहराच्या गर्दीत मंदगतीने चालताना नव्या टायरांतील दोष जाणवत नाही. २०१८ साली खुल्या झालेल्या कुंडली–गाझियाबाद–पलवल या १३५ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गावर ट्रक एकसारख्या वेगाने धावू लागला, की तोच दोष चालकाच्या हातांपर्यंत पोहोचतो.

थरथर का निर्माण होते?

ट्रकचा सर्वसाधारण टायर सुमारे एक मीटर व्यासाचा असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला असे चाक दर सेकंदास सुमारे ५ फेरे घेते. टायरच्या परिघावर एका बाजूस २०० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला सुमारे ११ किलो भाराइतक्या जोराने बाहेर खेचते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ८० किलोमीटरला तो सुमारे २० किलोंवर जातो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक हा हिसका स्टिअरिंगच्या सांध्यांना बसत राहतो. सांधे घट्ट असतील तर तो काही अंशी जिरतो. ते सैल असतील तर वाढतो. म्हणूनच झिजलेल्या जुन्या टायरांवर दडून राहिलेला सांध्यांचा सैलपणा नव्या टायरांमुळे उघड होणे, हेही नवलाचे नाही.

लक्षणांवरून निदान

थरथर केव्हा होते, याची नोंद ही निदानाची पहिली पायरी होय. ती विशिष्ट वेगाच्या टप्प्यातच येत असेल आणि वेग कमी करताच थांबत असेल, तर चाकाचा तोल बिघडलेला असण्याची शक्यता अधिक. ताशी २०–३० किलोमीटरलाच चाक डुलत असेल, तर टायर रिमवर नीट बसलेला नसणे, रिम वाकलेली असणे किंवा नट सैल असणे संभवते. केवळ ब्रेक दाबल्यावर थरथर होत असेल, तर ब्रेकचा ड्रम गोल राहिलेला नसावा. त्याचा नव्या टायरांशी संबंध नसतो. खड्ड्याचा हिसका बसल्यावर पुढची चाके जोराने हेलकावत असतील, तर किंगपिन, टाय रॉडचे सांधे व बेअरिंग तपासावीत. ट्रक एका बाजूस ओढत असेल, तर दोन्ही बाजूंच्या हवेतील फरक किंवा चाकांची दिशा, म्हणजेच अलाइनमेंट, पाहावी.

हिवाळ्यातील पहाटे एक वेगळा प्रकार आढळतो. भरलेला ट्रक रात्रभर उभा राहिल्यास नायलॉन टायरचा जमिनीला टेकलेला भाग किंचित चपटा होतो. काही किलोमीटर चालून टायर तापला की तो पूर्ववत होतो. अशी थरथर आपोआप थांबते.

तपासणीचा क्रम

बिनखर्चाच्या तपासण्या आधी व खर्चाच्या नंतर, हा क्रम हितावह ठरतो. प्रथम टायर थंड असताना हवा मोजावी. नंतर चाकांचे नट योग्य जोराने आवळलेले आहेत का, हे पाहावे. नवे टायर बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासणे आवश्यकच असते. हब व रिम यांच्यामध्ये गंज किंवा माती अडकली असल्यास चाक सरळ बसत नाही. टायरच्या कडेजवळची उठावाची रेषा रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर आहे का, हेही डोळ्यांनी पाहता येते. हे अंतर असमान असेल, तर टायर पुन्हा बसवावा लागतो. लॉक रिंगच्या रिमवर हवा भरलेली असताना हातोडा मारणे मात्र जिवावर बेतू शकते. हवा पूर्ण सोडूनच हे काम करावे आणि पुन्हा हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे.

यानंतर पुढचे चाक जॅकवर उचलून टायरजवळ एक स्थिर खूण धरावी व चाक हळूहळू फिरवावे. खुणेपासूनच्या अंतरात दोन-अडीच मिलिमीटरहून अधिक फरक पडत असेल, तर टायर किंवा रिम गोल नाही. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवल्यानेही पुष्कळदा हा दोष कमी होतो. चाक वर-खाली धरून हलवल्यास ढिलेपणा जाणवला, तर सहकाऱ्यास ब्रेक दाबून धरायला सांगावे. ढिलेपणा नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन दोषी असते.

रिम सारख्या असतील, तर पुढची चाके मागे व मागची पुढे बसवून पाहणे ही निर्णायक चाचणी होय. स्टिअरिंगची थरथर थांबली तर दोष चाकांत आहे; ती कायम राहिली तर स्टिअरिंग वा हबमध्ये. चाके दोषी ठरल्यास त्यांचे बॅलन्सिंग करून घ्यावे. अलाइनमेंट सर्वांत शेवटी करावी. सांधे सैल असताना ती टिकत नाही. पुढच्या अक्षावर एक नायलॉन व एक रेडियल टायर कधीही नसावा, तसेच तेथे रिमोल्ड टायर वापरणे टाळावे.

ग्राहकाचे हित

‘थोडे चालवा, आपोआप बसेल’ हा सल्ला पुष्कळदा महागात पडतो. डुलणाऱ्या चाकाचा टायर ठिकठिकाणी असमान झिजतो आणि पुढे मूळ दोष दूर केला तरी थरथर राहतेच. शिवाय उत्पादनातील दोषाची भरपाई सामान्यतः शिल्लक राहिलेल्या नक्षीच्या खोलीनुसार ठरते. त्यामुळे तक्रारीस जितका विलंब, तितकी भरपाई कमी. टायरचा अनुक्रमांक नोंदलेले पक्के बिल जपून ठेवावे. टायरवरील चार आकडी खूण उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगते. ती खरेदीच्या वेळीच वाचावी. झीज व यांत्रिक बिघाड सर्वसाधारण वाहन विम्यात समाविष्ट नसतात, हेही ध्यानात असावे.

कर्जाने घेतलेला ट्रक हे बँकेचे तारण असते, तसेच ते एका कुटुंबाच्या उपजीविकेचे साधनही असते. तो गॅरेजमध्ये उभा राहिला तरी हप्त्याची तारीख थांबत नाही, आणि स्टिअरिंगचा सांधा रस्त्यावर निखळला तर प्रश्न केवळ हप्त्याचा उरत नाही. थरथर जाणवताच वेग कमी करून ट्रक सुरक्षित जागी थांबवावा आणि प्रथम चाकांचे नट तपासावेत.