आधी ब्रॅकेट, मग बॉडी
लांब पल्ल्याच्या मोटरसायकलला बाहेरचे भाग निवडताना आणि बसवताना

होंडाची गोल्ड विंग म्हणजे लांब पल्ल्याच्या मोटरसायकलींची महाराणी. पण १९७५ साली ती बाजारात आली तेव्हा तिच्यावर ना वारा अडवणारं फेअरिंग होतं, ना सामानाचे डबे. ही उणीव मालकांनी बाहेरून भाग विकत घेऊन भरून काढली. अमेरिकेतल्या क्रेग व्हेटर या डिझायनरचं ‘विंडजॅमर’ फेअरिंग त्या काळात घरोघरच्या गाड्यांवर चढलं. कवच तेच, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांसाठी ब्रॅकेट वेगळे, आणि ते थेट चासीला पकडणारे. १९८० मध्ये होंडानं स्वतःच फेअरिंग आणि डबे लावलेली ‘इंटरस्टेट’ गोल्ड विंग काढली.

आपल्याकडे २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली आणि लेह-स्पितीची स्वप्नं पाहणाऱ्यांना हक्काची गाडी मिळाली. आज तिच्यासाठी विंडशील्ड, क्रॅश गार्ड, बाजूच्या बॅगांना धरणारे सॅडल स्टे, टॉप बॉक्स, हँडगार्ड, स्किड प्लेट असं सगळं दुकानात आणि ऑनलाइन मिळतं. गिऱ्हाईक बघतं रंग, चकाकी आणि किंमत. माझा आग्रह आहे की पहिला प्रश्न वेगळा विचारावा: हा भाग गाडीला कशानं आणि कुठे धरलेला आहे? वाऱ्याचा रेटा, सामानाचं ओझं आणि पडल्यावरचा धक्का, हे सगळं शेवटी त्या दोन-चार बोल्टांवरच येतं.

वारा

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ६० किलोमीटरवरून ९० वर गेलात, तर तो सव्वादोनपट होतो. दिवसभर हा रेटा छातीवर घेतला की मान आणि खांदे भरून येतात, म्हणून विंडशील्ड हवीच. मात्र ती जितकी उंच तितकी चांगली, हा समज काढून टाका. काचेचा वरचा काठ साधारण नाकाच्या रेषेत यावा आणि रस्ता काचेवरून दिसावा. कोकणातल्या पावसात, रात्री, ओल्या काचेतून समोरच्या दिव्यांचा नुसता चिखल दिसतो. काचेवरून येणारा झोत हेल्मेटवर आदळून डोकं हलत असेल, तर काचेचा कोन थोडा बदलून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं.

मोठी काच हँडलवर बसवायची की चासीवर, हा खरा महत्त्वाचा निर्णय. हार्ले-डेव्हिडसनच्या इलेक्ट्रा ग्लाइडचं ‘बॅटविंग’ फेअरिंग हँडलबरोबर वळतं, तर रोड ग्लाइडचं चासीला जखडलेलं असतं. हार्लेची गाडी वजनदार असते आणि फेअरिंग तिच्यासाठीच आखलेलं असतं. हलक्या गाडीच्या हँडलवर मोठी काच लावली, की कोल्हापूर रस्त्यावर शेजारून कंटेनर गेल्यावर येणारा झपाटा सरळ हँडलमध्ये उतरतो. अशा गाडीला हँडलवर छोटी काच चालेल. मोठी हवी असेल तर ती चासीवरच बसवावी.

काच पॉलिकार्बोनेटची असेल तर धक्का सोसते, पण तिच्यावर चरे लवकर उठतात. अ‍ॅक्रिलिकवर चरे कमी उठतात, पण ती तडकते. पॉलिकार्बोनेटला पेट्रोल आणि अमोनिया असलेले काच पुसायचे स्प्रे वर्ज्य, त्यांनी बारीक तडे जातात. साधं पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरतं.

वजन

सामान जितकं खाली आणि जितकं पुढे, तितकी गाडी शांत चालते. म्हणून जड वस्तू, म्हणजे हत्यारं, पाणी, सुटे भाग, पॅनियरमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या डब्यांत किंवा बॅगांत, तळाशी ठेवाव्यात. टॉप बॉक्स मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आणि उंचावर असतो. तो जड भरला की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरू लागतं. त्यात रेनकोट आणि जॅकेट ठेवा.

अ‍ॅल्युमिनियमचे डबे कुलूपबंद राहतात, पण गाडी रुंद करतात, आणि खडकाळ वाटेवर पाय जमिनीला टेकताना पोटरी डब्याखाली सापडण्याचा धोका असतो. तिथे कापडी सॅडल बॅग बरी, फक्त सायलेन्सरपासून तिचं अंतर नीट तपासा. बॅगा कसल्याही असोत, डाव्या-उजव्या बाजूचे स्टे मागून आडव्या पट्टीनं जोडलेले हवेत. नाहीतर खड्ड्यागणिक ते आत-बाहेर वाकतात आणि वेल्डपाशी तुटतात.

डबा, त्याचा स्टे, मागे बसणारी व्यक्ती आणि सामान यांची बेरीज गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या भारमर्यादेत बसवा. मग मागच्या स्प्रिंगचा ताण आणि टायरमधली हवा पुस्तिकेप्रमाणे वाढवा.

धक्का

क्रॅश गार्ड घेताना नळीची जाडी ठोकून पाहतात. त्याहून आधी बघायला हवं ते हे, की प्रत्येक बाजूला तो निदान दोन ठिकाणी पकडलेला आहे का, आणि दोन्ही बाजू एकमेकींना जोडल्या आहेत का. गार्ड पुष्कळदा इंजिन माउंटच्या बोल्टवर बसतात. नळी अजिबात वाकली नाही, तर धक्का चासीवरच्या माउंटच्या कानापर्यंत पोचतो, आणि वाकडी चासी गार्डपेक्षा कितीतरी महाग पडते. थोडं वाकून धक्का गिळणारा गार्डच कामाचा. स्किड प्लेटला ऑइल ड्रेन बोल्टपाशी भोक आहे का, हे विकत घेण्याआधी पाहा. नसेल तर दर ऑइल बदलाला ती पूर्ण उतरवावी लागेल.

बसवताना

भाग रंगवण्याआधी एकदा कच्चा बसवून पाहावा. फायबरग्लासचा भाग हातानं घडवलेला असेल, तर जाडी आणि भोकं थोडी इकडेतिकडे असतात. ओढून-ताणून बसवलेला भाग भोकाच्या काठापासून तडकतो. भोक किंचित मोठं करा, रबरी वॉशर आणि रुंद पत्र्याचा वॉशर द्या, म्हणजे कंपनं रबर गिळेल.

सगळे बोल्ट आधी हातानं फिरवून लावा, भाग सरळ बसला की मगच पाना घ्या. साधारण सहा मिलिमीटरच्या बोल्टला १० न्यूटन-मीटर, आठच्या बोल्टला २५ इतकी घट्टाई पुरते. प्लास्टिक आवळताना त्याहून खूप कमी. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. सुटू नये म्हणून मध्यम ताकदीचं लोकटाइट लावा. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट जात असेल, तर किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तो गंजून जाम होतो. तिथे अँटी-सीझ ग्रीस लावावं आणि घट्टाई थोडी कमी ठेवावी.

मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. केबल ताणली जाते का, क्लच-ब्रेकचे लिव्हर हँडगार्डला घासतात का, टाकीला काही लागतं का, ते पाहा. दोघांनी बसून सस्पेन्शन दाबा आणि टायर कुठे घासतो का ते तपासा. दिव्यांसाठी कंपनीची वायर कापू नका, कपलर आणि वेगळा फ्यूज वापरा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्टला पुन्हा पाना लावा.

कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. तेव्हा चासी कापणं किंवा तिला वेल्ड करणं नकोच, बोल्टनं बसणारे आणि काढता येणारे भाग घ्या. २०२० च्या सुधारित नियमांनुसार मागे लावायचा डबा लांबीला ५५०, रुंदीला ५१० आणि उंचीला ५०० मिलिमीटरच्या आत हवा. तो मागच्या सीटच्या जागी बसवला, तर गाडीवर एकट्यानंच बसायचं. पॅनियरच्या स्टेसाठी साडी गार्ड काढून टाकण्याची चूक सर्रास होते, पण मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षण नियमानं आवश्यक आहे. नंबर प्लेट, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा झाकला जाऊ नये. लावलेले भाग विमा कंपनीला लेखी कळवा.

या दिवाळीत गाडीसाठी काही घेणार असाल, तर खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी चांगले टायर आणि ब्रेक, मग गार्ड आणि मजबूत स्टे, मग काच, आणि सगळ्यात शेवटी शोभेची बॉडी. दुकानदारानं भाग हातात दिला की तो उलटा करा आणि ब्रॅकेट पाहा. वेल्ड स्वच्छ नसेल, बोल्टची जागा पातळ पत्र्याची असेल, तर भाग कितीही देखणा असो, तिथेच परत करा.