समुद्रावरचे वादळ आणि आपल्या घराचा विमा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१३ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे तीव्र क्षेत्र आंध्र प्रदेशात काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आले. काकिनाडा सोलापूरपासून सरळ रेषेत मोजले तरी पावणेसातशे किलोमीटर दूर आहे. पण ते क्षेत्र तेलंगण आणि उत्तर कर्नाटक ओलांडून थेट आपल्या दिशेने सरकले. १४ तारखेला सोलापूर जिल्ह्यात मुसळधार पाऊस झाला, नद्या-ओढे पात्र सोडून वाहू लागले आणि पंढरपुरात कुंभार घाटाजवळची भिंत कोसळून सहा जणांचे प्राण गेले. वादळ, समुद्र, किनारा हे शब्द ऐकले की आपल्याला रायगड-रत्नागिरी आठवते. सोलापूर म्हणजे दुष्काळ, ऊन आणि टँकर, ही आपली समजूत. ती समजूत त्या दिवशी चुकीची ठरली.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर याहून मोठा धडा मिळाला. वरच्या भागातील पावसाने आणि सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतून सोडलेल्या पाण्याने सीना नदीला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर व दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. पाणी ओसरल्यावर लोक घरी परतले तेव्हा अनेकांच्या घरात धान्य, अंथरूण, मुलांची दप्तरे, सगळे चिखलात होते. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, जीव वाचला ना? आणि दुसरा असतो, आता घर उभे कशाने करायचे?

या दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे घराचा विमा. आपल्याकडे मोटारसायकलचा विमा असतो, कारण तो कायद्याने लागतो. हल्ली आरोग्य विमाही लोक घेतात. पण आयुष्याची पुंजी ज्यात घातली त्या घराचा विमा विचारला तर बहुतेक ठिकाणी नकारच ऐकू येतो. उलट जगातल्या वादळी किनाऱ्यांवर आज तक्रार वेगळीच आहे. तिथे विमा हवा आहे, पण त्याचा हप्ता परवडेनासा झाला आहे. हे असे का होते, आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, ते आज समजून घेऊ.

भिशी आणि विमा

विमा म्हणजे एक प्रकारची वर्गणी. भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो. विम्यात मात्र आपला नंबर कधीच लागू नये अशी प्रत्येकाची इच्छा असते. समजा, एका गावात १००० घरे आहेत आणि प्रत्येक घर उभारायला १० लाख रुपये लागतात. अनुभव असा की वर्षाला सरासरी एक घर आगीत किंवा विजेने नष्ट होते. म्हणजे वर्षाचे नुकसान १० लाख. प्रत्येकाने १००० रुपये काढले की काम भागले. कंपनीचा खर्च आणि नफा वेगळा.

आता त्याच गावावर एका रात्री वादळ आले आणि १०० घरे पडली. नुकसान झाले १० कोटींचे आणि पेटीत आहेत १० लाख. म्हणजे शंभर वर्षांची वर्गणी एका रात्रीत संपली. आग एका घराला लागते, फार तर शेजारी पसरते. पण वादळ, पूर आणि भूकंप सगळ्यांना एकदम गाठतात. विमा कंपन्यांना खरी धास्ती वाटते ती याची.

म्हणून विमा कंपन्याही स्वतःचा विमा उतरवतात. त्याला पुनर्विमा म्हणतात. आपल्या देशात हे काम प्रामुख्याने मुंबईची भारतीय सामान्य विमा महामंडळ ही सरकारी कंपनी, म्हणजे जीआयसी, करते. शिवाय म्युनिक आणि झुरिकसारख्या शहरांतील बड्या परदेशी कंपन्या आहेत. त्यांच्या पेटीत सगळ्या जगाची वर्गणी असते आणि सगळ्या जगाचे नुकसानही त्याच पेटीतून जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा राज्याला 'इयान' चक्रीवादळाने झोडपले, त्यानंतर १ जानेवारी २०२३ च्या नूतनीकरणात जगभर पुनर्विम्याचे दर चढले. दूरच्या वादळाचा हिशेब आपल्या हप्त्यापर्यंत झिरपत येण्याची वाट ही अशी आहे.

फ्लोरिडात काय घडले

फ्लोरिडाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये तिथे 'अँड्र्यू' चक्रीवादळ आले. नुकसान इतके की अनेक विमा कंपन्यांचे दिवाळे निघाले. उरलेल्यांनी दर वाढवले किंवा किनाऱ्यावरच्या घरांना विमा देणेच थांबवले. पण तिथे घरावर कर्ज असेल तर बँक विम्याशिवाय चालू देत नाही. शेवटी २००२ मध्ये राज्याने 'सिटिझन्स' नावाची स्वतःची विमा संस्था उभी केली. कुठेच विमा मिळाला नाही तर इथे यावे, असा तिचा हेतू. २०२३ मध्ये तिच्या पॉलिसींची संख्या १४ लाखांच्या आसपास गेली. ज्याने शेवटचा आसरा व्हायचे, तोच सर्वांत मोठा दुकानदार झाला. तिथल्या घरमालकांना, त्यात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आली, घराच्या कर्जाच्या हप्त्याइतकीच विम्याच्या हप्त्याचीही चिंता करावी लागते.

आपला किनारा अजून त्या टोकाला गेलेला नाही. पण वारे कोणत्या दिशेने वाहत आहेत ते दिसते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली भागात घरांचे छप्पर आणि नारळी-पोफळीच्या बागा एकाच दिवशी गेल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात ५२ टक्क्यांनी वाढली. विमा कंपन्या असे आकडे बारकाईने वाचतात.

हप्ता वाढण्याची आणखीही कारणे आहेत. सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी महागली की घराची विमा रक्कम वाढते आणि रकमेबरोबर हप्ता. आगविम्याचे दर २००६ अखेरपर्यंत एक समिती ठरवून देत असे. १ जानेवारी २००७ पासून ते बंधन गेले, कंपन्यांत चढाओढ लागली आणि दर खूप खाली आले. पुढे २०१९-२० मध्ये जीआयसीने पुनर्विम्यासाठी किमान दरांची अट घातली, तेव्हा कारखाने-गोदामांचे हप्ते पुन्हा चढले. शिवाय कर आहे. व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला. घरविम्याला ती सवलत मिळाली नाही, त्याच्यावर १८ टक्के कर आहेच.

सरकारी मदत म्हणजे भरपाई नव्हे

'सरकार देईलच की', असे पुष्कळ जण म्हणतात. सरकार देते, पण किती देते ते पाहावे. आपत्ती मदतीचे २०२२ ते २०२६ या काळासाठी जे केंद्रीय निकष ठरले, त्यांत सपाट भागातील घर पूर्ण पडले तर १ लाख २० हजार रुपये आहेत. पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर ६ हजार ५००, कच्च्या घराची झाली तर ४ हजार. वाहून गेलेल्या कपड्यांसाठी कुटुंबाला २ हजार ५०० आणि भांड्यांसाठी तेवढेच. २०२५ च्या पुरानंतर राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात घरांसाठीही तरतूद होती. ही मदत मोलाची आहे, तिला नावे ठेवू नयेत. पण ती सावरण्यासाठी असते. दहा-पंधरा लाखांचे घर त्यातून उभे राहत नाही. मधली रक्कम सावकाराकडून, दागिने मोडून किंवा मुलांच्या शिक्षणातून येते.

सोलापूरकरांनी काय पाहावे

१ एप्रिल २०२१ पासून देशातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी 'भारत गृह रक्षा' या नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी, असे विमा नियामकाने ठरवले. हप्त्याचा दर कंपनीप्रमाणे वेगळा असू शकतो, अटी मात्र सारख्या. म्हणून दोन-तीन ठिकाणी दर विचारावेत. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणे, दंगल हे सगळे तिच्यात येते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांना आठवते, त्यांना भूकंपाचे महत्त्व सांगायला नको.

विमा रक्कम ठरवताना जागेची किंमत धरायची नाही. जागा कुठे वाहून जात नाही. घराचे चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढाच हिशेब. ८०० चौरस फूट आणि दर २००० रुपये धरला तर १६ लाख. ही रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते आणि त्यासाठी जादा हप्ता पडत नाही. घरातील सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण त्यातच मिळते. सोन्यानाण्यासाठी मात्र वेगळे संरक्षण घ्यावे लागते. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत घर २० लाखांचे आणि विमा १० लाखांचा असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीला २ लाखच मिळत. या पॉलिसीत ती कपात काढून टाकली आहे. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत घेता येते. दर वाढण्याची शक्यता असताना दीर्घ मुदत फायद्याची ठरते, कारण तेवढ्या काळात हप्ता बदलत नाही.

आपल्या भागापुरत्या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, माळवदाची घरे. संततधार पावसात मातीचे छत पाणी पिऊन जड होते आणि भिंती खचतात. पुराने पडझड झाली तर दावा बसतो. पण वर्षानुवर्षांची झिरप आणि दुरुस्तीअभावी आलेली जीर्णता कोणताही विमा भरून देत नाही. दुसरी, घरातच माग किंवा शिलाईचे काम. पूर्व भागात घर आणि कारखाना एकाच छताखाली असणे नवे नाही. अर्जात ते स्पष्ट लिहावे आणि मागांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही छोट्या धंद्यांची पॉलिसी वेगळी घ्यावी. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर येते. तिसरी, घरकर्ज. कर्जासोबत बँकेने जो विमा दिला तो बहुधा कर्जदाराच्या जिवाचा असतो. तो घराचा आहे असे समजून पुष्कळ लोक निर्धास्त राहतात. कागद काढून एकदा वाचावा.

नुकसान झालेच तर कंपनीला ताबडतोब कळवावे, फोटो काढावेत आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भिजलेले सामान फेकू नये. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत जपावी. पॉलिसीची एक प्रत दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे किंवा मोबाइलमध्ये असावी, कारण पुरात कागदही जातात. दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्यात दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात.

वर्गणी कोणी भरायची?

एक अवघड प्रश्न उरतोच. हप्ता जर धोक्याप्रमाणे ठरणार असेल, तर सर्वांत जास्त हप्ता सीनेच्या काठावरच्या माणसाला पडेल, आणि त्याच्याच खिशात सर्वांत कमी पैसे आहेत. फ्लोरिडाने हा प्रश्न संकट कोसळल्यावर हाती घेतला, म्हणून तो महाग पडला. आपल्याला अजून वेळ आहे. कुंभारीजवळ रे नगरमध्ये विडी, यंत्रमाग कामगार आणि कष्टकऱ्यांची १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये हस्तांतरित झाली. एवढ्या घरांचा विमा एकत्र उतरवायचा म्हटले तर कंपनीशी दराची घासाघीस करता येते. एकट्या माणसाला ते जमत नाही. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, गावच्या सोसायट्या यांनी हा विषय वार्षिक सभेत घ्यायला हरकत नाही. नागालँड राज्याने तर ठराविक पाऊस पडला की पंचनाम्याशिवाय पैसे मिळतील, असा राज्याचाच विमा घेतला आहे.

त्याचबरोबर ओढ्यांची पात्रे मोकळी ठेवणे, पूररेषेत बांधकाम न करणे, माळवदाची डागडुजी पावसाळ्यापूर्वी करणे, ही कामे आपल्या हातची आहेत. नुकसान कमी झाले तरच वर्गणी कमी राहते. वर्गणी देणारे मूठभर असतील आणि तेही नदीकाठचेच असतील, तर ती कोणालाच परवडणार नाही. देणारे अनेक असतील, काठावरचे आणि माळावरचेही असतील, तर पूर ओसरल्यावर घरी परतणाऱ्या कुटुंबाला घर पुन्हा उभे करण्यापुरते पैसे हाती मिळतील.